ब्रिस्बेनची चार वाजताची सावली

एखाद्या जागेची फरशी न् फरशी पाठ असावी आणि तिथे आपलं पाऊल एकदाही पडलेलं नसावं, असं कोविडच्या आधी मला कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. ब्रिस्बेनच्या ऐन मध्यवस्तीत, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, नव्या उंच इमारतींच्या मधोमध एक चौक झालाय. पूर्वी तिथे गाड्या उभ्या करायचं मैदान होतं. त्या चौकाच्या पायऱ्या, बाक, छत, पावसाचं पाणी कुठून जाईल, बाळाची गाडी कुठून चढेल, हे सगळं मी काढलं. आणि काढलं कुठे, तर सिडनीतल्या केलीव्हिलमध्ये, आमच्या घराच्या मागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप मांडून.

काम मिळालं तेव्हा आमच्या छोट्या ऑफिसातून दर पंधरा दिवसांनी कोणीतरी विमानाने जाऊन यायचं ठरलं होतं. मग क्वीन्सलंड राज्याने सीमाच बंद केली. हे मी सोलापूरला काकूला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, “अगं, आमच्याकडे जिल्हाबंदी आहे. तुमचं राज्यावर भागलं की!”

माझ्या त्या खोलीत आणखी एक माणूस होता. माझे वडील. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच बाबा आमच्याकडे आले होते, फेब्रुवारीत, तीन महिन्यांसाठी. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि तीन महिन्यांचे दहा झाले. बाबांनी नगररचना खात्यात अडतीस वर्षं काढली. सोलापूर, लातूर, नांदेड. गावांचे विकास आराखडे केले, रस्तारुंदीच्या रेषा आखल्या, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. लॉकडाउनमध्ये ते माझ्या मागे खुर्ची टाकून, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने, माझ्या सगळ्या मीटिंगा ऐकायचे. इंग्रजी कळायचं, ऑस्ट्रेलियन उच्चार मात्र अर्धे निसटायचे.

एका मीटिंगमध्ये मालक कंपनीने छताचा एक तृतीयांश भाग कापायचा घाट घातला. खर्च कमी करायचा होता. मी लॅपटॉप मिटला आणि चिडून चहा ठेवायला गेले. परत आले तर बाबा जमिनीवर मांडी घालून बसलेले, समोर मोठा कागद, हातात माझ्या लेकीचा, इराचा, गुण्या आणि रंगीत पेन्सिली. चौकाचा छेद काढून त्यावर बाराचं, दोनचं आणि तीनचं ऊन ते रंगवत होते.

“बाबा, सूर्य दक्षिणेला काढलात तुम्ही. इथे तो उत्तरेकडून जातो.”

त्यांनी क्षणभर कागदाकडे बघितलं. “खरंच की! थांब. आपल्याकडेपण मे महिन्यात डोक्यावरून पलीकडे जातोच की तो.” आणि खोडरबर घेऊन त्यांनी सूर्य फिरवला.

पुढच्या मीटिंगमध्ये मी तो कागद कॅमेऱ्यासमोर धरला. कापायच्या भागात तीन वाजता काय होणार, ते लाल पेन्सिलीत स्पष्ट दिसत होतं. मग साइटवरचा मुकादम डॅरेल, ज्याचं हेल्मेट आणि अर्धं कपाळच मला नेहमी दिसायचं, तो म्हणाला, “कोणी काढलंय हे?”

“माझ्या वडिलांनी.”

“म्हाताऱ्याचं बरोबर आहे. माझी पोरं तिथे फरश्या बसवतायत. दुपारी उभं राहवत नाही.”

छत अख्खं राहिलं. डिसेंबरात सीमा उघडली, इराला शाळेची सुट्टी लागली, आणि आम्ही तिघं गाडीने निघालो. नीरज, माझा नवरा, वेस्टमीडच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नाकातल्या काड्यांचे नमुने तपासतो. त्याच्या रजा मार्चपासूनच बंद होत्या. त्याने डिकी भरून दिली आणि दोन मीटरवरून हात हलवला. घरातही तो तेव्हा अंतर ठेवूनच राहायचा.

कॉफ्स हार्बर

पहिल्या दिवशी साडेपाचशे किलोमीटर. बाबांनी स्वतः भाजलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणीचा डबा मांडीवर घेतला होता. रस्त्याकडेच्या एका टेबलावर आम्ही तो उघडला, तर लांब चोचीचा एक मळकट पांढरा पक्षी येऊन थेट टेबलावर उभा राहिला.

“बिन चिकन, आबा! डोन्ट फीड इट!” इरा ओरडली. कचऱ्याचे डबे उकरतो म्हणून इथे या पक्ष्याला हेच नाव.

बाबांनी तोपर्यंत भाकरीचा तुकडा पुढे केला होता. पक्ष्याने तो उचलला, दोनदा आपटला आणि टाकून दिला. सोलापूरच्या कडक भाकरीला नकार देणारा पहिला प्राणी पाहिला, असं बाबा दोन दिवस सांगत होते.

रस्त्याने वर्षभरापूर्वीच्या वणव्यांच्या खुणा होत्या. मैलोगणती काळी खोडं, आणि त्या काळ्या खोडांनाच बुंध्यापासून शेंड्यापर्यंत हिरवी लव फुटलेली. बाबा खिडकीला नाक लावून बघत होते. इथली झाडं अशी जळून खोडातून फुटतात हे मला ठाऊक होतं, पण इतकी वर्षं राहून मी ते थांबून कधी पाहिलं नव्हतं. बाबांमुळे थांबले.

कॉफ्स हार्बरच्या पुढे पंजाबी लोकांची वस्ती आहे. चार पिढ्यांपासून केळी लावत आले, आता ब्लूबेरी लावतात. रस्त्यालगत एका बाईंनी खोके मांडले होते. सलवार-कमीज, डोक्यावर उन्हाची मोठी टोपी. बाबांना बघून म्हणाल्या, “बाऊजी, कहाँ से?”

“सोलापूर, महाराष्ट्र.”

“घूमने आए और फँस गए?”

“फँस गया,” बाबा हसून म्हणाले, “लेकिन अब बेटी का काम देखने जा रहा हूँ. ब्रिस्बेन में चौक बनाया है इसने.”

त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि एक खोकं जास्तीचं दिलं. मला इतकं संकोचल्यासारखं झालं! मी म्हटलं, “बाबा, अजून बघितलंही नाही आपण. वाईट झालं असेल तर?”

“वाईट झालं तर बघायला नको का?” बाबा म्हणाले.

ब्रिस्बेन, पहिली दुपार

सीमेवर पोलीस नुसते हात दाखवून गाड्या पुढे सोडत होते. सीमा ओलांडली आणि फोनमधलं घड्याळ एक तास मागे गेलं. उन्हाळ्यात सिडनी घड्याळ पुढे सरकवते, क्वीन्सलंड सरकवत नाही. बाबांनी मनगटावरच्या घड्याळाला हात लावला नाही. “परत तर जायचंच आहे,” म्हणाले.

ब्रिस्बेनबद्दल सिडनीकर थोडं नाक मुरडून बोलतात. मोठं खेडं, म्हणतात. मी जे पाहिलं ते खेडं नव्हतं. पुलावर चढलो आणि समोर तपकिरी नदीच्या वळणावर काचेच्या इमारतींचा अख्खा घोस उभा राहिला. त्यांच्या डोक्यावर यारीच यारी, बांधकामाच्या उंच क्रेन. इरा आणि बाबा मोजायला लागले. पंधरापर्यंत गेले आणि भांडण झालं, कारण एक यारी दोघांपैकी कोणीतरी दोनदा मोजली होती. खाली भुयारी रेल्वेचं खोदकाम, वर मजले, मध्ये उड्डाणपूल. उन्हाच्या ओढीने लोक या शहरात येऊन राहतायत, दक्षिणेकडची थंडी सोडून. आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना काय फुललं असावं? गुलमोहर. लालबुंद. बाबांनी काच खाली केली.

“हा इथे काय करतोय?”

“हाच इथला राजा आहे, बाबा.”

हॉटेलात सामान टाकून आम्ही पायीच निघालो. बाबांचं लक्ष सगळीकडे. “या इमारतीला सामासिक अंतर किती सोडलंय गं? पार्किंग कुठेय? जमिनीखाली किती मजले?” मी उत्तरं देत होते, पण माझा जीव पुढच्या वळणावर होता. वळलो, आणि तो दिसला.

काय सांगू! मी ज्या पायऱ्या स्क्रीनवर बोटभर बघितल्या होत्या त्यांच्यावर खरी माणसं बसली होती. मास्क हनुवटीला, डबे मांडीवर. छत, त्याची ती हलकी वाकलेली कड, जिच्यासाठी मी तीन आठवडे भांडले होते, ती नदीवरच्या उजेडात तरंगत होती. एक आजी बाळाची गाडी उतारावरून चढवत होती आणि तिला दम लागत नव्हता. उताराचा तो आकडा माझा होता. मी तिथेच उभी राहिले. इरा म्हणाली, “मम, आर यू क्राइंग?” मी म्हटलं, “नाही, ऊन आहे.”

बाबा पायऱ्यांवरून खाली गेले, वर आले, परत खाली गेले. त्यांचा गुडघा दुखरा आहे. वर येऊन म्हणाले, “पायरी दमवत नाही.” बाबांच्या तोंडून यापेक्षा मोठं कौतुक मी शाळेपासून ऐकलेलं नाही.

चौकाचा मागचा कोपरा अजून पत्र्यांनी बंद होता, तिथे काम चालू होतं. डॅरेल बाहेर आला. हेल्मेटखाली अख्खा चेहरा मी पहिल्यांदाच बघत होते. दाढी होती त्याला! आम्ही कोपराला कोपर लावला. बाबांकडे वळून तो म्हणाला, “तुम्हीच ते? चला, दाखवतो.” त्याने आम्हाला साइटच्या पत्र्याच्या ऑफिसात नेलं. भिंतीवर सुरक्षेच्या सूचना, कोणाच्या तरी मुलीचा फोटो, आणि मध्ये बाबांचं ते उन्हाचं चित्र. मी पाठवलेल्या प्रतीवरून मोठं छापून, प्लॅस्टिकमध्ये घालून लावलेलं. खोडलेल्या सूर्याचा पुसट डागसुद्धा छापून आला होता.

“नव्या पोरांना दाखवतो मी,” डॅरेल म्हणाला. “काय बांधतोय ते कळायला.”

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बाहेर आल्यावर मला हळूच विचारलं, “तो ‘पोरांना दाखवतो’ असंच म्हणाला ना? की मला नीट कळलं नाही?”

“असंच म्हणाला, बाबा.”

आम्ही छताखालच्या बाकावर बसलो. साडेतीन वाजून गेले होते. मी डोळे मिटले. आणि मग माझ्या गुडघ्यांना चटका बसला.

ऊन छताच्या खालून आत शिरलं होतं. आधी पावलांवर, मग गुडघ्यांवर, मग अख्ख्या बाकावर. शेजारी बसलेले दोघं उठून गेले. ती आजी बाळाची गाडी घेऊन इमारतीच्या दारात जाऊन उभी राहिली. दहा मिनिटांत माझा सगळ्यात लाडका बाक रिकामा झाला. त्याच्या लाकडाला हात लावला तर तापला होता.

“असं कसं?” मी उभी राहिले. “इथे सावली असायला हवी. नक्की.”

पायऱ्यांच्या कडेला कॉफीची गाडी होती. ती चालवणारी लिन, पन्नाशीची, लहान चणीची बाई, आपली प्लॅस्टिकची स्टुलं एकात एक घालून पलीकडे नेत होती. म्हणाली, “रोज याच वेळी हलवते. त्या बिल्डिंगची वाट बघतेय.”

“कुठल्या?”

तिने पश्चिमेकडे बोट दाखवलं. तिथे कुंपण घातलेला मोकळा प्लॉट होता, आत गवत. तिथे चाळीस मजल्यांचा टॉवर व्हायचा होता. माझ्या सगळ्या नकाशांत तो उभाच होता. तीननंतरची सावली मी त्याच्यावरच सोडली होती. कोविड आला, ऑफिसं घरी गेली, टॉवर थांबला. मला हे बातमी म्हणून माहीत होतं. त्या टॉवरबरोबर माझी सावलीही गेली, हे मात्र केलीव्हिलच्या खोलीत बसून एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

लोक रोज माझ्या बाकावरून उठून जात होते आणि मी तिकडे घरी बसून त्याचे फोटो मैत्रिणींना पाठवत होते.

बाबा म्हणाले, “माझंपण चुकलंच की. मी तीनपर्यंतच रंगवलं. चारचं ऊन काढलंच नाही.”

खडू

मालक कंपनीच्या बाजूने हे काम बघणारी जोआन मला सोमवारी भेटणार होती. नुसती ओळख आणि कॉफी, असं ठरलं होतं. मी रात्रीतून ठरवलं की चूक आपणच सांगायची. पण तोंडी सांगून काय होणार? ज्या माणसाला ऊन लागलेलं नाही त्याला ऊन सांगता येत नाही.

सकाळी नाश्त्याला जाताना बाबा फुटपाथवर थबकले. एका झाडाची पानं त्यांनी बोटांत चुरगळली, वास घेतला, खाली पडलेली चपटी शेंग उचलली.

“अनू, हा करंज आहे.”

“इथे?”

“करंज म्हणजे करंज. सोलापूरला ऑफिसबाहेर दोन होते. मे महिन्यात जेव्हा बाकी सगळं वाळून जातं तेव्हा याला कोवळी पालवी येते. सगळी अर्जदार मंडळी त्याच्याखालीच बसायची.”

मी फोनवर शोधलं. क्वीन्सलंडच्या उत्तरेकडचं हे मूळचंच झाड, इथे रस्त्याकडेला मुद्दाम लावतात. बाबांना सांगितलं तर असे खूश झाले, जणू गावाकडचा कोणी भेटला.

मग त्यांनीच तोड काढली. “खडू घे. सावलीची कड जमिनीवर आखू. दर अर्ध्या तासाला. कोणी केव्हाही बघितलं तरी दिसेल.”

डॅरेलने पिवळ्या खडूंची पेटी दिली. इराला काम आवडलं. आबा वेळ सांगायचे, ती वाकून रेघ मारायची आणि आकडा लिहायची. मराठी आकडे लिहायचे असा आबांचा हट्ट. दहा महिन्यांत त्यांनी तिला तेवढे शिकवले होते. दुपारी जेवणाच्या सुट्टीत इमारतींमधून माणसं बाहेर आली आणि चौक भरला. ऑफिसात अजून निम्मीच येतात म्हणे. बाबा म्हणाले होते, “एवढं शहर बांधलंय, माणसं कुठायत?” त्यांना उत्तर मिळालं. माणसं सूटबूट घालून खडूच्या रेघांवर पाय न देता जात होती, आणि विचारत होती. इरा प्रत्येकाला समजावून सांगत होती. “माय मम डिझाइन्ड इट. वुइ आर फिक्सिंग इट.” दोन्ही वाक्यं सारख्याच ऐटीत.

दुपारी उशिरा इराने मोठ्ठा ४ लिहिला आणि “फोर!” म्हणून ओरडली. गाडीमागून लिनचा आवाज आला, “चार? चार कुठे वाजले? मी स्टुलं हलवली नाहीत अजून!”

बाबांनी मनगट पुढे केलं. घड्याळ सिडनीचं होतं. सगळ्या रेघांवर एक तास पुढची वेळ! इराने कपाळाला हात लावला. मग ती, मी आणि बाबा, तिघं ओले रुमाल घेऊन आकडे पुसायला बसलो. लिन येऊन मदतीला वाकली. बाबांनी आपणहून घड्याळ एक तास मागे केलं आणि इराच्या हातात दिलं. “आता तूच सांग वेळ.”

खऱ्या चारची रेघ बाकाच्या मागे हातभर अंतरावर पडली.

संध्याकाळी खोलीत टीव्ही लावला आणि बाबांच्या हातातला घास तसाच राहिला. सिडनीच्या किनाऱ्याकडच्या उपनगरांत रुग्ण सापडले होते, आकडा चढत होता. आम्ही त्या भागात गेलो नव्हतो, पण सीमा पुन्हा बंद होणार अशीच चिन्हं होती. इथे अडकलो तर चौदा दिवस एका खोलीत. आणि जानेवारीच्या सुरुवातीला बाबांना मायदेशी नेणाऱ्या खास विमानात कशीबशी एक जागा मिळाली होती. दहा महिन्यांनी. नीरजचा फोन आला. “उद्याच निघा. मला इथे गाड्यांची रांग दिसतेय टेस्टिंगला.”

सोमवारची भेट आता होणार नव्हती. मी जोआनला फोन केला आणि जे होतं ते सांगितलं. बाक तापतो, चूक माझी आहे, आणि सकाळी मला जायचंय. मग ती म्हणाली, “मी शनिवारी सहाला पळायला जाते नदीकाठी. उद्या साडेसहाला येईन. चालेल?”

“सकाळी तिथे ऊन नसेल,” मी म्हटलं.

“मग दाखवणार काय?”

“या तर खरं.”

शनिवार, साडेसहा

जोआन पळायच्या कपड्यांतच आली, पन्नाशीच्या आतबाहेरची, घामाने डवरलेली, पायरीखाली पाण्याची बाटली ठेवून दोन मीटरवर उभी राहिली. चौकावर मऊ सावली होती. सगळं इतकं सुंदर दिसत होतं की मलाच माझी तक्रार खोटी वाटायला लागली.

“कुठे आहे तुझी चूक?” तिने विचारलं.

मी तिला पश्चिमेच्या कडेपासून चालायला सांगितलं. ती पहिल्या रेघेवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर आली. बाकापाशी थांबली. मागच्या रेघेकडे बघून म्हणाली, “आठ? संध्याकाळी आठपर्यंत सावली आहे की!”

“दॅट्स अ फोर,” इरा म्हणाली. “इन मराठी.”

जोआन हसली. मग बाकावर बसली आणि मागे वळून त्या चारकडे बघत राहिली. “म्हणजे मी आत्ता जिथे बसलेय तिथे चार वाजता…”

“कोणी बसत नाही,” लिन म्हणाली. ती गाडीचं शटर उघडत होती. “मला विचार. मी रोज बघते.”

मी नकाशा उघडला, पण बोलायला सुरुवात केली ती बाबांनी. त्यांचं इंग्रजी सरकारी होतं, सावकाश, प्रत्येक शब्द मोजून. टॉवर येईल तेव्हा येईल, मॅडम. माणसं रोज येतात. पश्चिमेच्या कडेला दोन झाडं लावा. गुलमोहर नको, वादळात फांद्या मोडतात. करंज लावा, तो तुमच्याच राज्यातला आहे. आणि खिशातून ती चपटी शेंग काढून त्यांनी बाकावर ठेवली.

“खाली पार्किंग आहे ना? मुळं कुठे जाणार?” जोआनने विचारलं. नेमका प्रश्न होता. साइट उघडायला आलेला डॅरेल मागे उभा होता, मी त्याच्याकडे पाहिलं.

“पार्किंग पुढच्या भागाखाली आहे,” डॅरेल म्हणाला. “पश्चिमेच्या कडेचा तीन मीटरचा पट्टा नुसती माती आहे. फरश्या मीच बसवल्यात, मीच काढीन.”

जोआन पाणी प्यायली. मला वाटलं आता खर्च काढणार, समिती काढणार. ती म्हणाली, “नवं छत मागितलं असतंस तर नाही म्हटलं असतं. दोन झाडं मी करू शकते. मोठी बघून आणू, रोपं नकोत.” आणि मग माझ्याकडे वळून, “आपण होऊन चूक सांगणारे डिझायनर मला फार भेटले नाहीत.”

मी नुसतं “नो वरीज” म्हटलं. इतक्या वर्षांत इतकं चुकीच्या जागी ते मी कधीच म्हटलं नसेल.

ती पळत गेली. डॅरेल आत जाऊन रंगाचा फवाऱ्याचा डबा घेऊन आला, साइटवर खुणा करायला वापरतात तो भडक गुलाबी. मला वाटलं माझ्या हातात देईल. त्याने तो बाबांपुढे धरला. “जागा तुम्ही दाखवा. मी खोदतो.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी चारच्या रेघेपासून पावलं मोजली, थांबले, पश्चिमेच्या मोकळ्या प्लॉटकडे डोळ्यांवर हात धरून पाहिलं, दोन पावलं मागे आले. मग दुखरा गुडघा टेकून खाली बसले. डब्याचं बटण पहिल्यांदा दाबलं तेव्हा रंग त्यांच्याच बुटावर उडाला. दुसऱ्यांदा फरशीवर फुली उमटली. पाच पावलांवर दुसरी. उठायला डॅरेलने हात दिला. अंतर, कोपर, सगळं विसरून खरा हात.

सात वाजता आम्ही गाडीत होतो. सीमेच्या अलीकडे, समोरच्या बाजूला गाड्यांची रांग दिसायला लागली तेव्हा बाबा म्हणाले, “अडतीस वर्षांत मी हिरव्या पेन्सिलीने किती बागा रंगवल्या असतील नकाशावर. आरक्षण क्रमांक अमुक, बाग. त्यातल्या एकीतही झाड कुठे लावायचं हे विचारायला कोणी बोलावलं नाही.” आणि बुटावरचा गुलाबी डाग नखाने खरवडायला गेले, मग राहू दिला.

ब्लॅकटाउन

एका दिवसात साडेनऊशे किलोमीटर चालवून आलो. नीरज हॉस्पिटलात काम करणारा, त्यामुळे त्याच्या जवळ जाण्याआधी आम्हा तिघांची चाचणी ठरलेलीच होती. दुसऱ्या दिवशी ब्लॅकटाउनला मैदानात गाड्यांच्या रांगेत उभे राहिलो. दीड तासाने आमचा नंबर आला. प्लॅस्टिकच्या गाऊनमध्ये गुंडाळलेली एक तरुण नर्स, नावाच्या पट्टीवरून आणि डोळ्यांवरून केरळची असावी, खिडकीशी वाकली. कुठून आलात, किती दिवस होतात, खोकला आहे का, असं सगळं विचारून तिने बाबांकडे पाहिलं.

“अंकल, हॉलिडेला गेला होतात?”

बाबा मागच्या सीटवर ताठ बसले. मास्क नाकावर नीट केला.

“नो, नो,” ते म्हणाले. “साइट व्हिजिट. विथ माय बॉस.” आणि पुढे वाकून त्यांनी माझ्या खांद्यावर दोनदा थोपटलं.

नर्सने ते कागदावर लिहून घेतलं. मग काडी काढली, माझं डोकं मागे टेकवायला सांगितलं आणि म्हणाली, “डोळ्यांत पाणी येईल थोडं. सगळ्यांनाच येतं.”

ते आधीच आलं होतं.